कंटिन्जन्सी टेबल (द्विमार्गी सारणी)

एकाच समूहाची दोन गुणधर्मांनुसार एकाच वेळी वर्गवारी करून मांडलेली सारणी. एका गुणधर्माचे वर्ग आडव्या ओळींत आणि दुसऱ्याचे उभ्या रकान्यांत लिहितात. ओळ आणि रकाना जिथे मिळतात त्या घरात दोन्हींत बसणाऱ्यांची संख्या येते. उंची-वजनाचा संबंध सहसंबंध गुणांकाने (दोन मोजमापे किती एकत्र वाढतात-घटतात हे सांगणाऱ्या आकड्याने) मोजता येतो. पण रक्तगट किंवा व्यवसाय यांची मुळात सरासरीच निघत नाही, तिथे मोजदादीवरच भिस्त. ‘कंटिन्जन्सी’ ही संज्ञा या अर्थाने संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये वापरली.

१९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील प्रवाशांचे, ब्रिटिश चौकशी अहवालातले आकडे असे:

| वर्ग | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा | १७८ | ५२८ | ७०६ |
| एकूण | ४९९ | ८१७ | १३१६ |

घरातल्या नुसत्या संख्यांवर जाऊ नये. तिसऱ्या वर्गातले १७८ जण वाचले आणि दुसऱ्यातले ११८, पण ओळीनुसार टक्केवारी काढली की चित्र उलटते: पहिल्या वर्गातले ६२ टक्के वाचले, दुसऱ्यातले ४१ आणि तिसऱ्यातले २५. रकान्यानुसार काढलेली टक्केवारी (वाचलेल्यांपैकी ३६ टक्के तिसऱ्या वर्गातले) चूक नव्हे, पण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. बातम्यांमध्ये या दोहोंची गल्लत सर्रास होते.

वर्ग आणि जीव वाचणे यांचा काहीच संबंध नसता, तर पहिल्या वर्गातले किती वाचले असते? ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण संख्या: ३२५ × ४९९ ÷ १३१६, म्हणजे सुमारे १२३. प्रत्यक्षात वाचले २०३. प्रत्येक घरातल्या अशा फरकाला त्याच फरकाने गुणून (म्हणजे त्याचा वर्ग करून) त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि सहाही घरांची बेरीज करायची. ही काय-वर्ग संख्या (‘काय’ हे ग्रीक अक्षर). इथे ती सुमारे १३३ येते. स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे बेरजा ठरलेल्या असताना मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या घरांची संख्या, (३−१) × (२−१) = २ असताना ५ टक्के पातळीची मर्यादा फक्त ५.९९ आहे: संबंध नसता, तर याहून मोठी संख्या निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ५ टक्केच. म्हणून वर्ग आणि जीव वाचणे यांचा संबंध योगायोगाचा म्हणता येत नाही. ही चाचणी पिअर्सन यांची, १९०० सालची. पण अशा सारण्यांसाठी स्वातंत्र्यमात्रा मोजण्यात खुद्द त्यांचीच चूक झाली होती. ती १९२२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी दुरुस्त केली.

अपेक्षित संख्या फार लहान, साधारण ५ च्या खाली असतील, तर काय-वर्गाऐवजी शक्यता थेट मोजणारी फिशर यांची अचूक चाचणी वापरतात. शिवाय सगळे आकडे दुप्पट केले की काय-वर्गही दुप्पट होतो, त्यामुळे संबंध किती घट्ट आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ० (संबंध नाही) ते १ (पूर्ण संबंध) या दरम्यान राहणारा क्रेमर यांचा व्ही गुणांक असतो. वरच्या सारणीत तो सुमारे ०.३२ आहे.

खरी गंमत खलाशी आणि इतर कर्मचारी हिशेबात घेतल्यावर होते. त्यांच्या ८८५ पैकी २१२ वाचले, म्हणजे २४ टक्के. तिसऱ्या वर्गापेक्षा किंचित कमी. आता स्त्री-पुरुष वेगळे करून पाहा. पुरुषांत कर्मचारी २२ टक्के आणि तिसरा वर्ग १७. स्त्रियांत कर्मचारी ८७ टक्के आणि तिसरा वर्ग ४६. दोन्हीकडे कर्मचारीच सरस, तरी एकत्र बेरजेत मागे! याला सिम्पसन यांचा विरोधाभास म्हणतात. सिम्पसन यांचा लेख १९५१ चा असला, तरी असा प्रकार घडू शकतो हे संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९०३ मध्येच दाखवले होते. कारण सारणीबाहेर होते: बोटींत आधी स्त्रियांना बसवले गेले, आणि तिसऱ्या वर्गात १९६ स्त्रिया होत्या, तर कर्मचाऱ्यांत अवघ्या २३.