सीनियर पोर्ट्रेट नक्की कधी काढायचे? (न्यू जर्सीतल्या आईबाबांसाठी)

मुलं सीनियर इयरला (हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे बारावीला) गेली की आम्हा फोटोग्राफरांना फोन सुरू होतात आणि जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "आम्हाला फॉलमध्येच पाहिजेत हं, मागे ती लाल-पिवळी पानं". पानं आम्हालाही आवडतात, पण जरा थांबा.

आधी एक घोळ मिटवू. शाळेच्या इयरबुकचा (वर्षाअखेरीस निघणाऱ्या शाळेच्या फोटोंच्या पुस्तकाचा) फोटो वेगळा, आम्ही काढतो तो वेगळा. इयरबुकवाला, मुलींना काळा ड्रेप (खांद्यांवरून घ्यायचं कापड) आणि मुलांना टक्सिडो घालून काढतात तो, बहुतेक शाळांत त्यांच्या ठरलेल्या स्टुडिओकडेच काढावा लागतो आणि त्याची वेळ बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सुट्टीतच येते, त्यामुळे शाळेची ईमेल बघत राहा, ती तारीख गेली की मग आम्ही काही करू शकत नाही. आमचे फोटो तुमच्या घरासाठी, ग्रॅज्युएशन पार्टीसाठी आणि भारतातल्या आजीच्या भिंतीसाठी.

आता फॉल. सेंट्रल जर्सीत पानांचा रंग साधारण ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरात येतो, नॉर्थला थोडा आधी. दिसायला अप्रतिम, पण बऱ्याच कॉलेजांच्या अर्ली ॲप्लिकेशनची डेडलाईन १ नोव्हेंबर असते. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात पोरगं रात्री दोनपर्यंत अर्जाचे एसे (निबंध) लिहीत बसलेलं असतं, डोळ्याखाली काळं, आईशी अबोला, आणि आपण म्हणतो स्माईल दे. मार्चिंग बँड किंवा सॉकर असेल तर शनिवारही गेला. त्यात २०२६ ला घड्याळं १ नोव्हेंबरलाच मागे जातायत, त्यानंतर पाचच्या आत सूर्य मावळतो, शाळा सुटून कपडे बदलून पार्कात पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. फॉल पाहिजेच असेल तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला रविवार धरा आणि एसे आधी संपवायला लावा (हे काम तुमचं, आमचं नाही). यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे फराळाची गडबडही तेव्हाच.

आम्हाला स्वतःला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. साडेसहा-सातचं ऊन मऊ असतं, मुलं सुट्टीतून ताजी असतात, आणि मुख्य म्हणजे खूप घरांत आजी-आजोबा अजून इथेच असतात, त्यांच्याबरोबर एक फ्रेम होऊन जाते, ती नंतर मिळत नाही. शोअरवर, म्हणजे जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर, काढायचे असतील तर लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर) या, गर्दी ओसरलेली असते आणि बहुतेक बीचवर बॅजही (प्रवेशाचा पासही) लागत नाही. फक्त आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो मागच्या घरांवर, त्यामुळे कोकणासारखा सूर्यास्त डोक्यात असेल तर तो इथे नाही, सूर्योदय मिळेल पण सतरा वर्षांच्या पोराला सकाळी साडेसहाला बीचवर आणायची जबाबदारी तुमची. जुलै नको. घाम, चिकट केस, आणि उंच गवतात टिक (गोचीड).

लिबर्टी स्टेट पार्कला मागे मॅनहॅटन ठेवलं की संध्याकाळचं ऊन थेट चेहऱ्यावर येतं आणि डोळे बारीक होतात, म्हणून तिथे आम्ही सूर्य गेल्यावरची पंधरा-वीस मिनिटं वापरतो. फोटोंसाठी काही पार्कांत आणि बागांत आधी परमिट काढावं लागतं, ते आम्ही बघतो पण त्याला वेळ लागतो.

स्प्रिंगचं थोडक्यात. नेवार्कच्या ब्रँच ब्रूक पार्कात पाच हजारांहून जास्त चेरीची झाडं आहेत, एप्रिलच्या मध्याच्या आसपास फुलतात, पण भर टिकतो जेमतेम आठवडा आणि वीकेंडला मुंगी शिरायला जागा नसते, मंगळवार-बुधवार बरा. मे सुरू झाला की एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा, मग प्रॉम (शाळेची निरोपाची डान्स पार्टी), मग जूनमध्ये ग्रॅज्युएशन. पार्टीचा बॅनर छापायचा असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यानंतर आमच्याकडे येऊन घाई करू नका. एक मात्र खरं, एप्रिलपर्यंत कॉलेज ठरलेलं असेल तर त्याचा स्वेटशर्ट घालून काढता येतात. हिवाळ्यात? बर्फ पडला तर मजा, नाहीतर स्टुडिओ.

कपडे ठरवून मग सीझन ठरवा, उलटं नाही. जांभळी किंवा मोरपंखी पैठणी पिवळ्या पानांपुढे उठून दिसते, केशरी साडी पानांत हरवून जाते आणि फिकी गुलाबी चेरीपुढे. मुलींनो, नऊवारी नेसायला पाऊण तास धरा, उजेड थांबत नाही. मुलांनी केस शूटच्या आदल्या दिवशी कापू नयेत, आठ-दहा दिवस आधी कापा. ब्रेसेस निघायची तारीख जवळ असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टला विचारून त्यानंतरचं बुकिंग करा. मुरमांची काळजी नको, ती फोटोतून आम्ही काढतो.

ऑक्टोबरचे रविवार मोजून चार आणि ते ऑगस्टमध्येच भरायला लागतात. पाऊस आला तर तारीख बदलून देतो, वेगळे पैसे नाहीत, पण पानं गळून गेली असतील तर ती परत चिकटवता येत नाहीत.