गड्ड्याआधीची ब्रोकोली

बाजारात ब्रोकोली म्हणजे एक गड्डा: पाव ते अर्धा किलोचा, घट्ट, बहुतेक वेळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. इटालियन भाषेत मात्र ‘ब्रोकोली’ हे अनेकवचन आहे. ‘ब्रोकोलो’ म्हणजे कोबीच्या जातीच्या झाडाला फुटणारा कोवळा तुरा, आणि असे पुष्कळ तुरे म्हणजे ब्रोकोली. बाजारात येता येता हे अनेकवचन गळून पडलं. घरी लावणाऱ्याने ते परत मिळवावं, कारण कुंडीतल्या झाडाची बरीचशी कमाई गड्डा कापल्यानंतरच सुरू होते.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात, ब्रासिका ओलेरेसिया. माणसाने निवड करत करत एकात पानांची गुंडी वाढवली, दुसऱ्यात खोड फुगवलं, तिसऱ्यात फुलोरा. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे कळ्या धरण्याआधीच थांबलेला फुलोरा. ब्रोकोलीत मात्र खऱ्या, पूर्ण तयार झालेल्या कळ्या असतात. म्हणूनच फ्लॉवर फ्रिजबाहेर दोन दिवस तग धरतो आणि ब्रोकोली तेवढ्यात पिवळी पडू लागते. कापल्यावरही त्या कळ्या उमलायच्या धडपडीत असतात.

रोमन लोक कोबीच्या झाडाला फुटणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्यांना ‘सायमा’ म्हणत. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने त्यांचा उल्लेख केला आहे, आणि एपिकियस या रोमन खवय्याच्या नावावर असलेल्या पाककृतींत हे धुमारे जिरे, मीठ, जुनी वाइन आणि तेल घालून करायला सांगितले आहेत. त्याच संग्रहात भाजी पाचूसारखी हिरवी राहावी म्हणून शिजवताना सोड्याचा क्षार घालायचा सल्लाही आहे. आपल्याकडे चिमूटभर खायचा सोडा घालतात तीच ही युक्ती. रंग टिकतो हे खरं, पण भाजी गिळगिळीत होते आणि काही जीवनसत्त्वंही जातात. ब्रोकोलीला सोडा घालूच नये.

दक्षिण इटलीत, विशेषतः कॅलाब्रियात, हे पीक परसात रुजलं. तिथला मधला गड्डा बेताचाच असे. तो काढला की बगलेतून फुटवे येत राहत. ब्रिटनमध्ये हिरव्या ब्रोकोलीला अजूनही ‘कॅलाब्रीज’ म्हणतात ते या कॅलाब्रियावरूनच. इंग्लंडमधला बागकामतज्ज्ञ फिलिप मिलर १७२४ मध्ये तिची ओळख ‘इटालियन शतावरी’ अशी करून देतो. शतावरीचे कोंब तोडतात तसे तिचेही तोडायचे, हा त्यातला सूर. अमेरिकेत थॉमस जेफरसनने १७६७ मध्ये आपल्या बागेत ती लावली, पण पुढची दीडशे वर्षं तिकडे तिला फारसं कुणी विचारलं नाही.

चित्र पालटलं ते १९२० च्या दशकात. सिसिलीतल्या मेसिनाहून आलेल्या स्टेफानो आणि आंद्रेया दारिगो या भावांनी इटलीहून बी मागवून कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ ब्रोकोली लावली आणि बर्फ घातलेल्या पेट्यांतून रेल्वेने बॉस्टनच्या इटालियन वस्तीकडे पाठवली. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर माल एकसारखा, घट्ट आणि एकाच वेळी तयार होणारा हवा. आठवड्याला मूठभर फुटवे देणारं झाड या हिशेबात बसत नाही. पुढे ताकी, साकाता या जपानी बियाणे कंपन्यांच्या संकरित वाणांनी हे काम पूर्ण केलं. ब्रोकोलीच्या बऱ्याच झाडांत स्वतःच्याच परागाने बी धरत नाही. त्या गुणाचा फायदा घेऊन दोन वाणांचा संकर घडवणं सोपं जातं. एका शेतातले सगळे गड्डे एकाच आठवड्यात कापता येऊ लागले, आणि ‘ब्रोकोली’ एकवचनी झाली.

भारतात फ्लॉवर १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आला. ब्रोकोलीला मात्र विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. हिमाचलमधल्या कुलू खोऱ्यात कटराई इथल्या केंद्रातून ‘पुसा ब्रोकोली केटीएस-१’, पालमपूरच्या कृषी विद्यापीठातून ‘पालम समृद्धी’ आणि पुण्याच्या गणेशखिंडीतून ‘गणेश ब्रोकोली’ असे वाण आले. मुख्य गड्ड्यानंतर फुटवे हवे असतील तर असे सरळ (संकरित नसलेले) वाण किंवा ‘कॅलाब्रीज’, ‘दे चिको’ अशी जुनी इटालियन नावं पाकिटावर शोधावीत. दुकानदार बहुधा संकरित पाकीट पुढे करतो. तेही चालतं, फक्त बगलेचे फुटवे कमी आणि बारीक येतात.

सारं गणित गड्डा कधी धरतो यावर आहे. दिवसाचं तापमान १७ ते २३ अंशांच्या आसपास असताना तो उत्तम भरतो. तिशीच्या वर गेलं की कळ्या लहानमोठ्या होतात, गड्ड्यातून पानं डोकावतात आणि दोन दिवसांत पिवळी फुलं. म्हणून पुणे-नाशिककडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी टाकावं. मुंबई आणि कोकणात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, तिथे गड्डा डिसेंबरअखेर ते जानेवारीत येईल असं मागे मोजावं. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस आणि लावणीनंतर गड्ड्याला वाणाप्रमाणे ६० ते ९० दिवस लागतात.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावं. चार-पाच खरी पानं आली की रोप हलवायचं, त्याहून थांबायचं नाही. ट्रेमध्ये दीड-दोन महिने अडकलेलं, मुळं गुंडाळलेलं रोप कितीही खत घाला, बटणाएवढाच गड्डा देतं. झाड अजून लहान असतानाच त्याला फुलायची घाई होते. लोक याचा दोष बियाण्याला देतात, तो बहुतेक वेळा उशीर झालेल्या रोपाचा असतो. वाफ्यात ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. कुंडी असेल तर एका झाडाला १५ ते २० लिटरची. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि ओल कायम. एकदा सुकवून मग भरपूर पाणी देण्याने गड्डा नीट भरत नाही.

देठ चिरल्यावर मध्ये तपकिरी पोकळी दिसली तर बोरॉन कमी पडलं असं समजावं. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम बोरॅक्स विरघळवून लावणीनंतर तीन आठवड्यांनी एक फवारणी पुरते. पोकळी स्वच्छ, पांढरी असेल तर नत्र जास्त होऊन झाड भरभर वाढलंय. पानाच्या कडेपासून आत सरकणारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आणि काळ्या शिरा म्हणजे घाण्या रोग. ते झाड उपटून टाकावं, कंपोस्टात घालू नये.

किडींत चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आणि मावा या दोघांशीच खरी झुंज. शेतकरी कोबीवर्गीय पिकात अधूनमधून मोहरीची ओळ लावतात, कारण हा पतंग अंडी घालायला मोहरी पसंत करतो. गच्चीवरही एखादी मोहरीची कुंडी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावरच्या अळ्या वेळेवर मारल्या नाहीत तर तीच पैदासकेंद्र होते.

गड्डा १० ते १५ सेंटिमीटर रुंद झाला, कळ्या घट्ट असल्या की सकाळी लवकर कापावा. दोन दिवस थांबून आणखी मोठा करण्याचा मोह नडतो. कळ्यांचे झुबके सुटे व्हायला लागले की संपलं. देठ १५ सेंटिमीटर ठेवून तिरका काप द्यावा, म्हणजे उरलेल्या खुंटावर पाणी साचून कूज होत नाही. खालची पानं तशीच ठेवायची. मूठभर गांडूळखत आणि पाणी दिलं की दहा-पंधरा दिवसांत बगलेतून फुटवे निघतात आणि हवा थंड आहे तोवर येत राहतात. काढलेली भाजी फ्रिजात ठेवावी, पण पिकलेली केळी, टोमॅटो यांच्यापासून लांब. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिवळी पडते.

शिजवण्याआधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली की लपलेल्या अळ्या वर येतात. देठ फेकू नये. त्याची तंतुमय साल सोलली की आतला गर नवलकोलासारखा गोडसर लागतो. तुरे उकळत्या, खारट पाण्यात दोन-तीन मिनिटंच, झाकण न ठेवता. सात-आठ मिनिटांनंतर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून रंग शेवाळी होतो आणि गंधकाचा वास येतो, ज्यामुळे घरातली मुलं ताट सरकवतात. लिंबू शेवटी, ताटात वाढल्यावर. पीठ पेरून भाजी करायची असेल तर उकडायची गरज नाही; तेलात कच्चे तुरे परतून बेसन भुरभुरायचं आणि एक वाफ काढायची.

१९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटाने ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे आरोग्याला हितकारक मानलं जाणारं द्रव्य वेगळं काढलं आणि तिला आरोग्याचं वलय मिळालं. हे द्रव्य झाडात तयार स्वरूपात नसतं. चिरल्यावर मायरोसिनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं तेव्हा ते बनतं, आणि उकळत्या पाण्यात ते एन्झाइम मरतं. त्यामुळे भाजी चिरून अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजवावी. तेवढी सवड नसेल तर शिजलेल्या, कोमट झालेल्या ब्रोकोलीवर चिमूटभर मोहरीची पूड घालावी. मोहरीतही हेच एन्झाइम असतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका त्याचाच. फोडणीतली मोहरी इथे उपयोगाची नाही, कडकडीत तेलात तिचं एन्झाइम आधीच मेलेलं असतं. दही, मीठ आणि फेसलेली मोहरी घालून कोमट ब्रोकोलीचं भरीत मात्र छान होतं.