तारीमकाठचं जंगल वाळवंटानं गिळलं का?
चीनमधल्या तारीम नदीच्या खालच्या टप्प्यातली जंगलं टाकलामाकान वाळवंट पुढे सरकल्यामुळे गेली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. वाळवंटावर खापर फोडणं सोपं आहे, पण खरं कारण नदीच्या वरच्या अंगाला सापडतं. तिथे पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, कापूस वाढला, पाणी कालव्यांत वळलं. १९७० च्या दशकात खालचं ३०० किलोमीटरहून लांब पात्र कोरडं पडलं. भूजल मुळांच्या आवाक्याबाहेर गेलं तशी या जंगलातली पॉप्लरची झाडं शेंड्याकडून वाळत गेली. वाळू मोकळी सुटली ती त्यानंतर. २००० पासून खाली पाणी सोडायला सुरुवात झाली आणि काठालगतच्या झाडांना पुन्हा पालवी फुटली. पात्रापासून लांबच्या झाडांना मात्र त्याचा फारसा फायदा झालेला नाही.