आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मुरलेला एखादा जुना माणूस सेमिनार हॉलमध्ये आला की आधी प्रोजेक्टरची केबल लावतो, तिचे दोन्ही स्क्रू पिळतो आणि मगच लॅपटॉपचं बटण दाबतो. आजच्या मुलांना ही अंधश्रद्धा वाटते. एके काळी मात्र या क्रमाला चोख कारण होतं.

लिनक्सवर पडद्यावर चित्र आणि खिडक्या दाखवण्याचं काम वर्षानुवर्षं एक्स विंडो सिस्टिमकडे, थोडक्यात एक्सकडे, होतं. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ सालची. ती घडली टेबलावरच्या वर्कस्टेशनसाठी. तिथला मॉनिटर एकदा बसला की बसला, भाषणाच्या मध्येच कुणी तो बदलणार नव्हतं. त्यामुळे पडदे किती, त्यांचा आकार काय, हे सगळं एक्स सुरू होतानाच ठरायचं आणि बंद होईपर्यंत तसंच राहायचं. पीसीवर हीच व्यवस्था एक्सफ्री८६ने आणली. तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'मोडलाइन' नावाची आकड्यांची ओळ हाताने लिहावी लागे आणि आकडा चुकला तर मॉनिटर जळेल, असा इशाराही मिळे. १९९८मध्ये आलेल्या झिनेरामामुळे दोन पडदे मिळून एक सलग डेस्कटॉप करता आला, पण तोही सुरुवातीलाच ठरवून. प्रोजेक्टर नंतर जोडला तर फाइल बदला, कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस दाबून एक्स पाडा, पुन्हा चढवा. उघडलेलं प्रेझेंटेशनही त्यातच जायचं. समोर प्राचार्य बसलेले असताना हे करून पाहिलेल्यांनाच त्यातली मजा कळेल.

मग केबल आधी लावल्याने काय साधायचं? बऱ्याच लॅपटॉपचं बायॉस, म्हणजे यंत्रातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम (फर्मवेअर), चालू होतानाच प्रोजेक्टर ओळखायचं आणि तेच चित्र दोन्हीकडे सोडायचं. एक्सला याचा पत्ताही नसे. फंक्शन की दाबून पडदा बदलणं हाही असाच फर्मवेअरचा परस्पर कारभार होता. जमलं तर जमलं, नाहीतर चित्र गोठायचं.

जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी २००१मध्ये 'रँडआर' हे एक्सचं पुरवणी-तंत्र मांडलं. रिसाइझ आणि रोटेट या शब्दांवरून हे नाव आलं. चालू एक्समध्ये पडद्याचा आकार बदलता येऊ लागला, पण कोणत्या पोर्टला काय जोडलंय हे त्यात वेगळं सांगता येत नव्हतं. २००४मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडलं आणि लिनक्सची बहुतेक वितरणं, म्हणजे तयार संच, एक्सच्याच एक्स.ऑर्ग या दुसऱ्या रूपाकडे वळली. माझ्या मते खरी कलाटणी २००७ची, रँडआर १.२ची. आता लॅपटॉपचा पडदा आणि प्रोजेक्टरच्या केबलचं व्हीजीए पोर्ट ही दोन वेगळी 'आउटपुट' झाली. एकच चित्र दोन्हीकडे दाखवायचं की दुसरा पडदा शेजारी जोडायचा, हे एक्सरँडर या आदेशाच्या एका ओळीत सांगता येऊ लागलं. तीच ओळ लिहिलेली चिठ्ठी अनेकांच्या बॅगेत असायची. २००९मध्ये लिनक्स २.६.२९पासून पडद्याचा मोड (चित्राचं माप वगैरे) ठरवण्याचं काम कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जायला लागलं, सुरुवात इंटेलच्या चिपपासून.

सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत २०१०मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचं ऑप्टिमस आलं. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप. पडदा इंटेलच्या चिपला, पण काही मॉडेलांत एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला. लिनक्सवर ते पोर्ट बराच काळ नुसतं शोभेचं राहिलं. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २०१२मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते ऑप्टिमसबद्दलच्याच प्रश्नावर.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडचं काम क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८मध्ये सुरू केलं आणि २०१६च्या फेडोरा २५ या वितरणामध्ये ते मुख्य पर्याय म्हणून आलं. दाट पिक्सेलचा लॅपटॉप आणि साधा प्रोजेक्टर अशी जोडी असली, तर प्रत्येक पडद्याचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत हे, वेगळं ठेवणं त्यात सोपं झालं.

केबलचा प्रश्न मात्र जुनाच आहे. प्रोजेक्टर आपली ओळख १२८ बाइटच्या 'एडिड' तुकड्यातून सांगतो. व्हीजीएमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. भिंतीतून नेलेल्या लांब केबलमध्ये किंवा स्वस्त स्प्लिटरमध्ये नेमक्या याच तारा गळलेल्या असतात. चित्र जातं, ओळख येत नाही. मग कर्नल अंदाजाने जास्तीत जास्त १०२४ × ७६८पर्यंतचेच मोड देतो, म्हणजे व्हीजीएच्या काळातल्या बहुतेक प्रोजेक्टरांचं माप.