चौदा तासांची साखळी, चौदा दिवसांचं चक्र

परवा मोबाइलची मेमरी भरली म्हणून जुने मेसेज पुसत बसलो होतो. त्यात २१ मार्च २०२० चा एक फॉरवर्ड सापडला, घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलेला. ‘करोनाचा विषाणू एका जागी १२ तास जगतो. उद्याचा जनता कर्फ्यू १४ तासांचा आहे. म्हणजे विषाणू जागच्या जागी मरेल आणि साखळी तुटेल.’ खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे निमूट घरात बसलो आणि पाच वाजता गॅलरीत थाळ्याही वाजवल्या. थाळीच्या कंपनांनी विषाणू मरतो हे शास्त्र रात्री आलं.

गंमत म्हणजे मामांच्या मेसेजमागची कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. विषाणूच्या वेळापत्रकात आपली सुट्टी बसवायची, हा विचार बरोबरच आहे. फक्त ते वेळापत्रक दाराच्या कडीवर बघायचं नसतं, माणसाच्या शरीरात बघायचं असतं. आणि तिथे हिशेब दिवसांत चालतो.

साथीच्या गणिताची सुरुवात करताना लोकांचे तीन गट पाडतात : अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साथीतून बाहेर पडलेले. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये हे गणित मांडलं, तेव्हा पडताळ्यासाठी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. त्यांचं सूत्र ८९० सेक²(०.२आ − ३.४) असं होतं. ‘आ’ म्हणजे कितवा आठवडा आणि ‘सेक’ म्हणजे हायपरबोलिक सीकंट. सीकंट ऐकून घाम फुटला असेल तर एवढंच लक्षात ठेवा : हा घंटेच्या आकाराचा आलेख आहे आणि त्याचं शिखर सतराव्या आठवड्यात, ८९० मृत्यूंवर येतं. आकडे सुरेख जुळले. पण प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा, शिवाय मुंबईत तो ऋतूप्रमाणे दरवर्षी परतायचा. यातलं काहीच त्या सूत्रात नाही. आलेख जुळला की कारण सापडलं असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या एका पत्रकार परिषदेत १६ मेच्या सुमारास नवे रुग्ण शून्यावर येतील असा आलेख दाखवला होता. १६ मे आला, रुग्ण हजारांनी वाढत होते.

आता टाळेबंदीचा हिशेब. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण देतो असं धरू. हा अडीच म्हणजे तो प्रसिद्ध ‘आर’. एका फेरीला, म्हणजे एका रुग्णाकडून पुढच्यांकडे लागण जायला, लागतात साधारण पाच दिवस. आज हजार नवे बाधित आहेत. काहीच केलं नाही तर चार फेऱ्यांनंतर, म्हणजे वीस दिवसांनी, नवे बाधित ३९ हजार. टाळेबंदीने आर ०.८ वर आणला तर त्याच वीस दिवसांनी ४१० च्या आसपास. छान! आता दार उघडा. पुढच्याच फेरीत ४१० गुणिले अडीच, म्हणजे १,०२५. वीस दिवसांची कमाई पाच दिवसांत संपली, कारण लागण न झालेल्यांचा गट जवळजवळ होता तेवढाच राहिला. केंब्रिजचे राजेश सिंग आणि रोनोजॉय अधिकारी यांनी मार्च २०२० मध्येच, वयोगटांनुसार कोण कोणाला भेटतो हे धरून गणित केलं आणि सांगितलं की टाळेबंदीचे २१ दिवस पुरणार नाहीत, साथ उसळी घेईल. मिळालेल्या वेळात खाटा आणि ऑक्सिजन जमवता येतो, पण साथ तिथेच असते.

मग कायम कोंडून राहायचं? इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उरी अ‍ॅलॉन आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली, आणि माझा खरा जीव तिच्यावर आहे. चार दिवस काम, दहा दिवस घर. सोमवार ते गुरुवार कामावर जा, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत घरी थांबा.

सोमवारी लोकलमध्ये तुम्हाला लागण झाली असं समजा. विषाणू आत शिरल्या शिरल्या तुम्ही दुसऱ्याला तो देऊ शकत नाही. त्याला आधी तुमच्या पेशींत वाढावं लागतं. त्यात साधारण तीन दिवस जातात. म्हणजे तुम्ही पसरवण्याजोगे होता गुरुवारी, आणि त्या संध्याकाळी तुमचं काम संपतं. मंगळवारी किंवा नंतर लागण झालेल्यांना तर बाहेर पसरवायला दिवसच उरत नाही. पसरवण्याचा सगळा जोर घरातल्या दहा दिवसांत ओसरतो. ताप-खोकला आला तर तोही घरीच येतो, आणि मग तुम्ही कामाच्या पुढच्या सोमवारी जातच नाही. आकड्यांत बघायचं तर कामाच्या दिवशी आर १.५ आणि घरी ०.६ धरा : (४ × १.५ + १० × ०.६) भागिले १४, म्हणजे ०.८६. एकाहून कमी, म्हणजे साथ आटते. तीन दिवसांच्या विलंबाचा फायदा यात धरलेलाच नाही, तो वर.

माणसांच्या दोन पाळ्या केल्या तर आणखी बरं. ४० जणांच्या कचेरीत एकमेकांना भेटू शकणाऱ्यांच्या ७८० जोड्या होतात, २० जणांच्या पाळीत १९०. हेच दुकानांना लावलं की उलटं होतं. आज रस्त्याची डावी बाजू उघडी, उद्या उजवी असं केलं की गिऱ्हाईक तेवढंच राहतं आणि निम्म्या दुकानांत दाटतं.

माझ्या लाडक्या चक्रात एक भोक आहे, ते ‘घरी ०.६’ या आकड्यात. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या पाहणीत तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. शहर एक, टाळेबंदीही एकच. दहा बाय दहाच्या खोलीत सात जण आणि सकाळी सार्वजनिक शौचालयाची रांग; ही रांग गणितात ‘घरी’ धरायची की ‘बाहेर’?