खाँसाहेबांची शाळा आणि पुण्याचे गाणे

हिंदुस्थानी संगीत हिंदूंचे की मुसलमानांचे, उत्तरेचे की आपल्याकडचे, हा वाद जुनाच आहे. हल्ली तो पुन्हा तावातावाने घातला जातो. पुणेकरांनी त्यात उतरण्याआधी आपल्या शहरात हे गाणे आले कसे, ते पाहावे.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढणारे भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडे शिकलेले. १९१३ मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय उघडले. ते मूळचे उत्तरेतल्या किराणा (कैराना) गावचे, पुढे मिरजेत स्थायिक झाले.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, धारवाडकडचे. घरची भाषा कानडी, नाव गाजले मराठी रंगभूमीवर. १९५२ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला, तोच आजचा ‘सवाई’. भीमसेनही गदगचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, सीमाप्रश्न पेटला. पण सवाईच्या मंडपात धारवाडकडच्याच गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांना ऐकायला पुणेकर रात्र जागवत राहिले. भीमसेनांनी तुकोबांचे अभंग गायले, तशीच कानडी संतांची दासपदेही.

गवयाच्या मागचा तानपुरा पाहा. त्याचा भोपळा बहुधा पंढरपूरच्या बाजूचा. वाद्य घडते मिरजेत, शिकलगार घराण्यांच्या हातून. पूर्वी हे कारागीर हत्यारांना धार लावायचे. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत ते जवारी लावतात, म्हणजे तारेचा नाद गुंजता करतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला तरी तार बोलत नाही. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची गायकी स्वराच्या सच्चेपणावर उभी आहे, आणि तो सच्चेपणा इथूनच सुरू होतो.

मात्र हा इतिहास नुसता गोडीगुलाबीचा नाही, आणि तसा तो सांगूही नये. गाणे शाळेत, नोटेशनमध्ये आणि प्रार्थनेत बसवताना, ज्यांच्या घरांतून बंदिशी आल्या त्याच उस्तादांना अडाणी आणि विद्या लपवणारे म्हणून हिणवले गेले. बायकांची वाट तर त्याहून बिकट. खाँसाहेबांच्या पत्नी ताराबाई माने मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, आणि त्यांची मुले सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांनी पुण्यात गाणे वाढवले. घरंदाज बाईने चारचौघांत गाऊ नये असे मानणाऱ्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. मंचावर त्या ज्या शालीनतेने बसत, तिच्यामुळे कित्येक मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाणे शिकण्याची परवानगी मिळाली. संगीतात स्त्रियांना प्रतिष्ठा मिळवून देण्याचे हिराबाईंचे काम मला कुठल्याही संस्थेच्या कामाइतकेच मोठे वाटते. ताराबाईंचे नाव मात्र आपण फारसे घेत नाही. ते घ्यायला हवे.

पुण्यात जन्मलेल्या गायिका प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाई या भावंडांकडे शिकल्या. भीमसेनांनंतर, २०२४ मध्ये प्रभाताईंचे निधन होईपर्यंतच्या काळात, सवाईची सांगता अनेकदा त्यांच्या गाण्याने झाली.