जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भालाफेकीसाठी नाव कसं जातं? पात्रता, कागदपत्रं आणि पुढची प्रक्रिया

जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेच्या पुरुष भालाफेकीसाठी खेळाडूला स्वतः अर्ज करता येत नाही. फॉर्म कुठे मिळतो, फी किती, असं विचारणारी मुलं आणि पालक नेहमी भेटतात. असा फॉर्मच नाही. प्रवेशिका पाठवण्याचा अधिकार फक्त त्या त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाला आहे. खेळाडूच्या हातात दोन गोष्टी राहतात: भाला पुरेसा लांब फेकणं, आणि ती फेक मोजली जाईल अशा स्पर्धेत फेकणं. दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून आधी तीच सांगतो.

कोणती फेक धरली जाते?

सरावातली फेक, प्रशिक्षकाने टेपने मोजलेली फेक किंवा हौशी मेळाव्यातली फेक कितीही लांब गेली तरी पात्रतेसाठी तिचा उपयोग नाही. स्पर्धा नियमांप्रमाणे झालेली आणि जागतिक क्रमवारीसाठी मान्य असावी लागते, म्हणजे या खेळाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या अधिकृत वेळापत्रकात तिचं नाव हवं. प्रवेश भरण्याआधी हे आयोजकांना किंवा महासंघाला सरळ विचारा, यात संकोच नको. स्पर्धेनंतर आठवड्याभरात आपला निकाल वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या प्रोफाइलवर आला का, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, तेही पाहा. स्पेलिंग थोडं वेगळं पडलं तरी एकाच मुलाची दोन खाती तयार होऊ शकतात, मग गुण विभागले जातात आणि क्रमवारीत तो मागे दिसतो.

पात्रता मुख्यतः दोन वाटांनी मिळते. पहिली म्हणजे ठरवून दिलेलं अंतर. 2023 च्या बुडापेस्ट स्पर्धेसाठी ते 85.20 मीटर होतं, 2025 च्या टोकियोसाठी 85.50. दर वेळी ते नव्याने जाहीर होतं, म्हणून जुना आकडा डोक्यात ठेवू नका. तारखांची चौकटही असते: टोकियोसाठी 1 ऑगस्ट 2024 ते 24 ऑगस्ट 2025. त्याच्या एक दिवस आधीची किंवा नंतरची फेक धरली जात नाही.

दुसरी वाट क्रमवारीची, आणि माझ्या मते उमेदीच्या खेळाडूने हीच जास्त नीट समजून घ्यावी. टोकियोत भालाफेकीसाठी एकूण 36 जागा ठरल्या होत्या. अंतर गाठणाऱ्यांनंतर ज्या उरतात, त्या क्रमवारीने भरतात. भालाफेकीत गेल्या बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम पाच कामगिरींची सरासरी काढतात, आणि त्यात अंतराच्या गुणांसोबत स्पर्धेतल्या क्रमांकाचेही गुण मिळतात. स्पर्धा जितकी मोठी, तितके क्रमांकाचे गुण अधिक. म्हणून एकदाच लांब फेकून वर्षभर घरी बसण्यापेक्षा चांगल्या दर्जाच्या पाच स्पर्धा सातत्याने खेळलेल्या बऱ्या.

एका देशाचे तिघेच उतरू शकतात. गतविजेत्याला किंवा डायमंड लीग (अव्वल खेळाडूंच्या स्पर्धांची वार्षिक मालिका) विजेत्याला थेट प्रवेश मिळाला तर त्या देशाचे चार होतात. नीरज चोप्राने 2023 मध्ये 88.17 मीटर फेकून सुवर्ण जिंकलं होतं, म्हणून टोकियोत भारताचे चार भालाफेकपटू खेळू शकले.

कागदपत्रं

पासपोर्ट सर्वांत महत्त्वाचा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला ठेवावा, आणि निकालांमधलं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. ओळखपत्रासाठीचा फोटो, खेळाडूचं संमतिपत्र आणि व्हिसाची कागदं महासंघ मागेल त्याच दिवशी द्या. व्हिसाला गृहीत धरू नका: बुडापेस्टला निघायच्या तोंडावर भारताचा भालाफेकपटू किशोर जेनाचा व्हिसा रद्द झाला होता. तो पुन्हा मिळाला आणि हाच मुलगा अंतिम फेरीत 84.77 मीटर फेकून पाचवा आला. ते दिवस त्याने कसे काढले असतील, या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

वयाचं म्हणाल तर, स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला सोळा पूर्ण नसतील तर प्रवेश नाही. त्याहून मोठ्या, पण अठराच्या आतल्या खेळाडूंवर काही प्रकारांत आणखी बंधनं आहेत.

औषधं आणि डोपिंग

भालाफेकीत कोपर आणि खांदा दुखतोच, आणि दुखरा सांधा घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं जातं. 2022 पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडची) सर्व इंजेक्शनं, सांध्यातली धरून, स्पर्धेच्या काळात बंद आहेत. खरी गरज असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज किमान तीस दिवस आधी करावा लागतो. सोबत तपासणीचे अहवाल आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र लागतं, नुसती चिठ्ठी चालत नाही. नोंदणीकृत चाचणी गटात (ज्यांची डोपिंग चाचणी कधीही न सांगता होऊ शकते अशा खेळाडूंच्या यादीत) नाव असेल तर रोजचा एक तास, ठिकाणासह कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की तो नियमभंग ठरतो.

भाला, बूट आणि कॉल रूम

स्वतःचा भाला नेता येतो, पण तो प्रमाणित यादीतला हवा: वजन किमान 800 ग्रॅम, लांबी 2.60 ते 2.70 मीटर. विमानाला लांब सामानाची आगाऊ नोंद करा. स्पर्धेच्या ठिकाणी भाला तपासणीसाठी जमा होतो. अधिकारी तो तराजूवर ठेवतात, तोलबिंदू टोकापासून किती अंतरावर येतो ते पाहतात, दोरीच्या पकडीची रुंदी मोजतात आणि पास झाला की खूण करतात. त्यानंतर तो भाला मैदानात सगळ्यांसाठी असतो. आपल्या भाल्याने दुसरा फेकताना दिसला तर मन विचलित होऊ देऊ नका.

बूट मान्य यादीतलेच लागतात. भालाफेकीत खिळा 12 मिलिमीटरपर्यंत चालतो. हातमोजे घालता येत नाहीत आणि दोन बोटं एकत्र पट्टीने बांधता येत नाहीत. बोटाला जखम असेल तर पट्टी अधिकाऱ्यांना आधीच दाखवून घ्या. मैदानात जाण्याआधी खेळाडू जमतात त्या कॉल रूममध्येच मोबाइल काढून घेतात.

खेळणार असल्याची अंतिम खात्री संघ व्यवस्थापक ठरलेल्या वेळेत देतो. मग पात्रता फेरी: प्रत्येकाला तीन फेकी. टोकियोत 84.50 मीटर गाठणारा थेट अंतिम फेरीत जात होता, आणि तितके खेळाडू न झाल्यास अंतराच्या क्रमाने बाराजण पूर्ण केले जात होते.